पडद्यावरील राम आणि विसर्जनाचा प्रश्न

मालिकांचा प्रभाव ठरवताना प्रेक्षकसंख्या, जाहिरातींचे उत्पन्न किंवा नंतर निघालेली अनुकरणे हे निकष सहसा पुढे केले जातात. परंतु पाहण्याच्या क्रियेलाच जिने वेगळा अर्थ दिला ती मालिका सर्वाधिक प्रभावी, असा निकष लावल्यास भारतात पहिला मान रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ला द्यावा लागतो. जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ या काळात दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर ही मालिका लागे, तेव्हा कित्येक घरांत मंडळी आंघोळ उरकून, चपला बाहेर काढून बसत, टीव्हीला हार घालत आणि उदबत्ती लावत. या आचाराला भाबडेपणा म्हणून बाजूला सारणे सोपे असले, तरी त्यातला मूळ प्रश्न शिल्लकच राहतो: नटाची चित्रित प्रतिमा दर्शनाचा, म्हणजे भक्ताने देवाला पाहण्याचा आणि देवाच्या दृष्टीस पडण्याचा, विषय होऊ शकते काय?

काश्मीरचा रसमीमांसक शंकुक याने नेमके रामाच्या भूमिकेतील नटाचेच उदाहरण घेतले होते, असे अभिनवगुप्ताच्या विवेचनावरून कळते. ‘हा राम आहे’ ही प्रेक्षकाची प्रतीती यथार्थ ज्ञान नव्हे, भ्रम नव्हे, संशय नव्हे, की केवळ सादृश्याची जाणीवही नव्हे. चित्रातला घोडा पाहून ‘हा घोडा’ असे आपण म्हणतो, तशी ती या चारही प्रकारांहून निराळी असते. या मताला ‘चित्रतुरगन्याय’ म्हणतात. टीव्हीला हार घालणारा प्रेक्षक फसलेला नसतो, एवढे या न्यायाने सिद्ध होते. मात्र चित्रातल्या घोड्याला कोणी चारा घालत नाही, आणि पडद्यावरील रामाला हार घातला जातो, हे त्याने उलगडत नाही.

ते उलगडण्यासाठी विधीकडे वळावे लागते. वाराणसीजवळच्या रामनगरच्या रामलीलेत राम-लक्ष्मण होणाऱ्या मुलांना ‘स्वरूप’ म्हणतात आणि डोक्यावर मुकुट असेपर्यंत देव मानून त्यांची आरती होते. महाराष्ट्रातील पार्थिव गणपतीचेही असेच आहे: प्राणप्रतिष्ठेने, म्हणजे मूर्तीत देवत्वाचे आवाहन करणाऱ्या विधीने, मातीची मूर्ती पूज्य होते, आणि उत्तरपूजेनंतर अक्षता वाहून ती जागेवरून किंचित हलवली की विसर्जनास मोकळी होते. देवत्व द्रव्यात नसून विधीने आखलेल्या काळात असते, अशी धारणा या दोन्ही आचारांमागे आहे.

‘रामायण’च्या बाबतीत आवाहनाचे काम प्रेक्षकांनी स्वतःच केले. मंद स्मित करणाऱ्या अरुण गोविल यांच्या चेहऱ्यावर कॅमेरा कथेच्या गरजेपेक्षा अधिक वेळ स्थिरावे, आणि त्या अवकाशात नजरेला नजर मिळाल्याचा अनुभव शक्य होई. यात परंपरेचा भंग नव्हता. भंग झाला तो पुढे, कारण या आवाहनाला जोडीची उत्तरपूजा नव्हती. मुकुट उतरला तरी प्रतिमा उतरली नाही. सीतेची भूमिका करणाऱ्या दीपिका चिखलिया आणि रावण झालेले अरविंद त्रिवेदी हे दोघेही १९९१ मध्ये गुजरातमधून लोकसभेवर निवडून आले. त्यांतील दुसरे उदाहरण तर असे सांगते की, पडद्याने दिलेले तेज नायक-प्रतिनायक हा भेदही मानत नाही.

याहून खोल परिणाम कल्पनेवर झाला. मालिकेच्या आरंभीच्या श्रेयनामावलीत वाल्मीकी आणि तुलसीदासांबरोबर कंब रामायण आणि एकनाथांचे भावार्थ रामायण यांचाही आधार म्हणून उल्लेख होता; पण वाचताना किंवा कीर्तन ऐकताना ज्याला त्याला आपापला राम दिसतो, तसे पडद्यावर घडत नाही, तेथे सर्वांना एकच चेहरा दिसतो. ऑक्टोबर १९८८ मध्ये सुरू झालेल्या बी. आर. चोप्रा यांच्या ‘महाभारत’ने ‘समय’ या अदृश्य निवेदकाच्या योजनेमुळे कथा आणि प्रेक्षक यांच्यात थोडे अंतर राखले, आणि म्हणूनच या निकषावर त्या मालिकेचा क्रम दुसरा लागतो.

ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायात प्रतीकोपासनेचा, म्हणजे एखाद्या वस्तूला ब्रह्माचे प्रतीक मानून केलेल्या उपासनेचा, विचार आला आहे. कनिष्ठाच्या ठिकाणी श्रेष्ठाची दृष्टी ठेवावी, श्रेष्ठाच्या ठिकाणी कनिष्ठाची नव्हे, असा तेथील निर्णय आहे. नटात राम पाहणे या नियमात बसते, त्यामुळे टीव्हीपुढे हात जोडणाऱ्या पिढीला तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने दोष देता येत नाही. दोष उद्भवतो तो दिशा उलटल्यावर: राम म्हणताच नटाचा चेहराच डोळ्यांपुढे येऊ लागला आणि अन्य रूप परके वाटू लागले, की प्रतीक उपास्याची जागा घेते. या मालिकेचा प्रभाव दोन्ही दिशांनी पडला, आणि त्यांपैकी दुसरी दिशा रोखणारा कोणताही विधी दूरचित्रवाणीपाशी नव्हता.