चालत्या पंपाला हात कधी लावावा?

कारखान्यात रिलायबिलिटी इंजिनिअर नेमला की सगळ्यांना वाटतं, आता सगळी यंत्रं वेळच्या वेळी खोलली जातील. प्रत्यक्षात त्याचा निम्मा वेळ ठणठणीत चाललेलं यंत्र उगाच खोलू न देण्यात जातो.

फिटर काळजीपोटी ग्रीसगनचे चार स्ट्रोक जास्त मारतो. मोटरचं बेअरिंग गच्च भरतं, छर्रे त्या ग्रीसमध्ये घुसळत राहतात आणि तापमान चढतं. पंप ओव्हरहॉल करून जोडताना कपलिंगचं अलाइनमेंट केसभर चुकलं, तर नवंकोरं बेअरिंग जुन्याच्या आधी जातं.

हे विमानवाल्यांच्या लक्षात फार पूर्वी आलं. 1943 मध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये काम करणाऱ्या कॉनरॅड वॉडिंग्टन या जीवशास्त्रज्ञाला नोंदींत दिसलं, की दर 50 उड्डाणतासांची तपासणी उरकली की लगेचच अचानक उद्भवणाऱ्या दुरुस्त्या वाढतात. युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांच्या 1978 च्या अहवालानुसार, अभ्यासलेल्या भागांपैकी 89 टक्के भाग केवळ वय झालं म्हणून बदलून काहीच फायदा नव्हता. तरी बऱ्याच कारखान्यांत ‘दोन वर्षं झाली, खोला’ हा शिरस्ता टिकून आहे. पुढे बिघाड झालाच, तर ‘शेड्यूल पाळलं होतं’ असं म्हणून हात झटकता येतात.

म्हणून काय स्वस्थ बसायचं? मुळीच नाही. चालतं यंत्र आपलं दुखणं सांगतं. महिन्यागणिक व्हायब्रेशन चढू लागलं, तेलात धातूचा चुरा दिसला, की ते खोलायचंच. मग प्रॉडक्शनवाले कितीही ओरडोत.

सेफ्टी व्हॉल्व्ह, फायर पंप, अलार्म यांचं मात्र तसं नसतं. ते बिघडले तरी गरज पडेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. डिसेंबर 1984 मध्ये भोपाळला वायू सुटला, तेव्हा टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती आणि फ्लेअरची पाइपलाइन दुरुस्तीसाठी सोडवलेली होती. त्यावाचून रोजचं काम अडत नव्हतं. अशा साधनांची चाचणी मात्र तारीख पाहूनच, न चुकता घ्यावी लागते.

तेव्हा मेंटेनन्सच्या खर्चाला कात्री लावायचीच असेल, तर ती ओव्हरहॉलच्या यादीला लावा. चाचण्यांच्या यादीतली एकही ओळ खोडू नका.