दृष्टीआडचे लक्ष्य

संगणकाच्या पडद्यावर 'बोमन' नावाचा धनुर्विद्येचा एक साधा खेळ मुले खेळत आली आहेत. प्रतिस्पर्धी दूर, दृष्टीआड उभा. आपल्या हाती केवळ बाणाचा कोन आणि ओढीचा जोर. सुटलेला बाण गुरुत्वाकर्षणाने वळून खाली येतो. नेम चुकला तरी मूल दैवाला दोष देत नाही. कोन किंचित बदलून पुन्हा बाण सोडते. नियम अढळ आहे, हा भरवसाच त्या खेळाची गोडी होय.

मुंडकोपनिषदाने आत्म्यास बाण व ब्रह्मास लक्ष्य म्हटले आहे. तेही दृष्टीआडच! मग साधना चुकताच आपण देवाला बोल का लावावा? खेळात नवा बाण तत्काळ मिळतो. आयुष्याचे दिवस मात्र मोजके. आजचा चुकलेला नेम आजच सुधारण्याची सद्बुद्धी आपणां सर्वांस लाभो, हीच प्रभुचरणी प्रार्थना.