झाकलेला सांधा

गेल्या मे महिन्यात आमच्या धर्मग्रामातील मुलांच्या हस्तकामाचे प्रदर्शन भरले आणि परीक्षणाचे काम नेहमीप्रमाणे आमच्या गळ्यात पडले. पुठ्ठ्याची घरे, बाटल्यांतली रोपे, वेदीवर अंथरायचे एक भरतकामाचे कापड, आणि त्यांच्या शेजारी वीतभर उंचीचा एक यंत्रमानव. पांढरे अंग, निळी छाती, लाल पावले, हातात ढाल. कॉटन ग्रीनच्या एका चाळीत राहणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाने तो जोडला होता. बोटीवर नोकरी करणाऱ्या मामाने जपानच्या बंदरातून त्याचा खोका आणला होता. आम्ही त्याला पहिले बक्षीस दिले. तो निर्णय योग्य होता का, हे आम्हाला अद्याप ठरवता आलेले नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

या यंत्रमानवाचे नाव गंडम. योशियुकी तोमिनो यांनी दिग्दर्शित केलेली ‘मोबाइल सूट गंडम’ ही मालिका १९७९ साली जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. पुरेसे प्रेक्षक न मिळाल्याने ठरलेल्या ५२ ऐवजी ४३ भागांतच ती गुंडाळावी लागली. परंतु जुलै १९८० मध्ये बांदाई कंपनीने त्यातील यंत्रमानवाचा जोडसंच अवघ्या ३०० येनला विकायला काढला आणि बंद पडलेल्या मालिकेचे नाव घरोघर गेले. कथेतला गंडम १८ मीटर उंच. तो पहिला संच त्याच्या १४४व्या हिश्श्याचा, म्हणजे साडेबारा सेंटिमीटरचा. त्याला गोंद लागे. आमच्यापुढे होता तो १९९५ साली सुरू झालेल्या ‘मास्टर ग्रेड’ प्रकारातला, शंभराव्या हिश्श्याचा आणि गोंदाशिवाय बसणारा. या प्रकारातल्या अलीकडच्या संचांत आधी आतला सांगाडा जोडायचा, त्याचे गुडघे-कोपरे हलते ठेवायचे, आणि मग त्यावर कवच चढवायचे, अशी रीत आहे. युद्धयंत्र चर्चच्या सभागृहात कशाला, असे एका मातेने आम्हाला विचारले. मालिका युद्धाचे गोडवे गात नाही, एवढे सांगून आम्ही तो विषय मिटवला. खेळाच्या बाबतीत संत थॉमस अक्वायनस आमच्यापैकी अनेकांहून उदार होते, हे जाता जाता नमूद करतो.

असले काम तपासावे कसे, हे आम्हाला त्या मुलानेच शिकवले. सुटे भाग प्लास्टिकच्या चौकटींना देठांनी चिकटलेले येतात. ते पिळून तोडले तर तोडल्या जागी पांढरा डाग पडतो आणि तो जन्मभर जात नाही. म्हणून कटरने आधी देठ लांब ठेवून कापायचा, मग उरलेली गाठ पात्याने तासायची, मग पॉलिशपेपर फिरवायचा. दोन पत्र्यांच्या सांध्यात फट राहता कामा नये. एका पायावर उभा केला तर तोल जाता कामा नये. आम्ही चष्मा पुसून अर्धा तास पाहिले. डाग नाही, फट नाही. शेवटी विचारले, “कुठे गोंद लावलास का रे?” तो म्हणाला, “नाही, फादर.” भरतकामाचे कापड एका मुलीचे होते. त्याच्या मागच्या बाजूला दोन ठिकाणी दोरा गुंतून गाठी झाल्या होत्या. तिचे गुण कापले गेले व ती दुसरी आली.

आठ दिवसांनी तो मुलगा यंत्रमानव घेऊन आमच्याकडे आला. पापनिवेदनासाठी नव्हे, तसे असते तर यातले एक अक्षरही येथे आले नसते. त्याच्या व त्याच्या आजोबांच्या संमतीनेच लिहीत आहोत. त्याने उजव्या मांडीचे कवच काढले. गुडघ्याची खुंटी मोडून पुन्हा जोडलेली होती. घाईत त्याने तो भाग उलटा घालून दाबला होता. आजोबा गिरणीत फिटर होते. त्यांनी मोडलेल्या दोन्ही टोकांना बारीक गिरमिटाने भोक पाडायला सांगितले, त्यात पितळी तारेचा तुकडा बसवायला लावला, फेविक्विकचा एक थेंब, आणि रात्रभर हात न लावणे. हात मुलाचे, अक्कल आजोबांची.

खोटे बोलल्याचे दुःख त्याला झाले होते व ते आमच्या दोघांत तिथेच संपले. पण तो तेवढ्यासाठी आला नव्हता. तो म्हणाला, “फादर, तिचे कापड तुम्ही उलटून पाहिलेत. माझा रोबो उघडला नाहीत.”

या वाक्याला आमच्याकडे उत्तर नव्हते. ज्या वस्तीतून तो आला होता तिचे नावच मुळी कापसावरून पडलेले. कापसाचा बाजार आधी फोर्टात, पुढे कुलाब्यात व विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात शिवडीलगतच्या या भागात आला. कॉटन एक्स्चेंजची इमारत स्टेशनसमोर आजही उभी आहे. गासडी वरून पाहून कोणी भाव करीत नसे. गोणपाट फाडून आतली मूठभर रुई काढायची, डोळ्यांनी रंग आणि कचरा पाहायचा, बोटांनी तंतू ओढून लांबी जोखायची. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाचे भाव कडाडले, तेव्हा वर चांगली रुई आणि आत सरकी-कचरा भरण्याचा धंदा इतका बोकाळला की १८६३ साली मुंबई सरकारला कापसातील लबाडीविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला.

मग हा यंत्रमानव म्हणजे तसलीच गासडी होती का? आम्ही बराच काळ तसे मानले. पण तुलना उलटी पडते. गासडीत वर चांगले आणि आत वाईट. येथे बाहेरची प्रत्येक रेघ परदेशातल्या अभियंत्यांनी आधीच आखून दिलेली. मुलाने पुस्तिकेतल्या चित्राप्रमाणे ती निगुतीने बसवली, एवढेच. ज्या प्रसंगासाठी पुस्तिकेत पानच नव्हते तो एकच: मोडलेला गुडघा. साऱ्या कामात तेवढेच त्याचे स्वतःचे, आणि नेमके तेच त्याने लपवले. आम्ही बक्षीस दिले ते मात्र साच्याला.

संत थॉमस म्हणतात की कारागिराला कारागीर म्हणून जोखताना त्याचा हेतू पाहू नये, घडलेली वस्तू पाहावी; कृतीची नीती जोखताना मात्र हेतू वगळता येत नाही. सेमिनरीत हे आम्ही पाठ केले होते. त्या न्यायाने बक्षीस ठीकच, कारण यंत्रमानव एका पायावर उभा राहतो. परंतु पोप जॉन पॉल दुसरे यांनी सप्टेंबर १९८१ मध्ये ‘लाबोरेम एक्सेर्सेन्स’ या परिपत्रकात वेगळा कोन धरला: श्रमाचे मोल आधी ते करणाऱ्या माणसामुळे, मग केलेल्या वस्तूमुळे. त्यानंतर चारच महिन्यांनी, १८ जानेवारी १९८२ रोजी, डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. या मुलाचे आजोबा त्यानंतर कामावर परतले नाहीत. परिपत्रक आम्ही तेव्हा सेमिनरीत वाचत होतो. शेजारच्या वस्तीत काय चालले होते, याची आम्हाला फारशी कल्पना नव्हती, हे कबूल केले पाहिजे.

पुढच्या वर्षी ‘दुरुस्ती दाखवा’ असा नियम करावा, असे एका शिक्षिकेने सुचवले. आम्हाला भीती वाटते की मुले मुद्दाम मोडून आणतील.

बक्षिसाचा पेन मुलाने आमच्या टेबलावर ठेवला. आम्ही तो त्या मुलीकडे नेला. सारी हकिकत ऐकून ती म्हणाली, “पण फादर, माझ्या गाठी तर खऱ्याच होत्या.” पेन तिने घेतला नाही. तो आमच्या खणात आहे. परवा आजारी आजोबांना पवित्र भाकर देण्यासाठी आम्ही त्या चाळीत गेलो, तेव्हा यंत्रमानव खिडकीतल्या फळीवर उभा होता. उजव्या मांडीचे कवच काढून शेजारी ठेवले होते आणि तारेचे टोक दिसत होते.