उशिरा फळणारें पाप

विस्तवाला हात लावला कीं हात पोळतो. म्हणून तान्हें मूलसुद्धां विस्तवापासून दूर राहावयास शिकतें. कृत्य आणि त्याचें फळ हीं अशीं शेजारीं असलीं म्हणजे दोष कोणाचा हें सांगावयास पंडित लागत नाहीं. परंतु कृत्य आज घडावें, फळ चाळीस वर्षांनीं यावें, आणि तेंही कर्त्याला सोडून भलत्याच्याच पदरीं पडावें, अशा वेळीं दोषाचें माप कसें करावयाचें?

हा प्रश्न काल्पनिक नव्हे. ॲस्बेस्टॉस हें खनिज आगीला दाद देत नाहीं, आणि सिमेंटमध्यें मिसळून त्याचे स्वस्त पत्रे करतां येतात. परंतु त्याचे सूक्ष्म तंतु श्वासाबरोबर आंत जाऊन रुतून बसतात, आणि बहुधा वीस ते पन्नास वर्षांनीं फुप्फुसाच्या पातळ आवरणांत कर्करोग उत्पन्न करूं शकतात. वैद्यक त्यास मेसोथेलिओमा म्हणतें. निदानानंतर फार वर्षें जगणारे रोगी थोडेच.

१९६० सालीं वॅग्नर व त्यांचे सहकारी यांनीं दक्षिण आफ्रिकेंतील अशा ३३ रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांत खाणींत कधींही काम न केलेले, केवळ त्या परिसरांत राहिलेले लोकही होते. १९६५ सालीं न्यूहाउस व टॉम्सन यांनीं लंडनमधील ७६ रोग्यांचें पूर्ववृत्त तपासलें. त्यांपैकीं ९ जणांचा संबंध इतकाच कीं, घरचें माणूस ॲस्बेस्टॉसच्या कामावर होतें. त्यांत नवऱ्याचे धुळीनें भरलेले कपडे धुणाऱ्या बायका होत्या.

या बाईपुढें आपली नीति अडखळते. पेरावें तसें उगवतें, असें आपण म्हणतों. येथें पेरणारा एक आणि कापणी दुसरीच्या वांट्याला. तिनें केलें काय? संसार केला.

कारखानदाराच्या वतीनें सांगण्यांत येईल कीं, हें त्या काळीं ठाऊक नव्हतें. खऱ्या अज्ञानाला आम्हीही पाप म्हणणार नाहीं. परंतु अज्ञानालाही मुदत असते. ही धूळ घातक आहे, असें ब्रिटनमधील कारखान्यांच्या निरीक्षक ल्यूसी डीन यांनीं १८९८ च्या अहवालांतच नमूद केलें होतें. १९३० सालीं मेरेवेदर व प्राइस यांच्या अहवालानें फुप्फुसांची हानि सिद्ध केली, आणि पुढल्याच वर्षीं तेथें नियम झाले. तरीही त्या देशांत संपूर्ण बंदी आली ती १९९९ सालीं. नेमका कोणता रोग होतो हें न कळणें निराळें, आणि रोग होतो हेंच न कळणें निराळें. पहिल्या अज्ञानाआड दुसऱ्यानें लपावें, हें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं.

आपल्याकडे पांढरा ॲस्बेस्टॉस परदेशांतून आणून त्याचे छपराचे पत्रे आजही करण्यांत येतात. १९९५ सालीं भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें असा आदेश दिला कीं, या धंद्यांतील कामगाराच्या प्रकृतीची नोंद कामाच्या आरंभापासून ४० वर्षें, अथवा काम सुटल्यानंतर १५ वर्षें, यांपैकीं जी मुदत उशिरा संपेल तोंपर्यंत जपावी. या आदेशांत मोठें नीतितत्त्व आहे. जें फळ उशिरा येतें, तें स्मृतीनेंच गांठतां येतें. परंतु कपडे धुणारीचें नांव कोणत्या हजेरीपटावर असणार?

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, दोषाचा आरंभ रोग दिसला त्या दिवसापासून धरूं नये. जाणतां आलें असतें त्या दिवसापासून धरावा. आणि हें माप आपणांसही लागू आहे. अखंड पत्र्यापासून भय थोडें. तो कापतांना व फोडतांना धूळ उडते, आणि ती मजुराच्या सदऱ्यावर बसून त्याच्या घरीं जाते. स्वस्त छपराची उरलेली किंमत कोण भरतो हें एकदां कळल्यावर, ‘आम्हांस ठाऊक नव्हतें’ असें म्हणण्याची आपलीही मुदत संपली.