दुरुस्तीनंतरची दुरुस्ती

डिसेंबर 2018मध्ये लिबव्हीएनसी या सॉफ्टवेअर-लायब्ररीतले अनेक सुरक्षा-दोष जाहीर झाले. ते हुडकले होते कॅस्परस्की या सायबर-सुरक्षा कंपनीच्या औद्योगिक सुरक्षा विभागातील संशोधक पावेल चेरेमुश्किन यांनी. दोष जाहीर झाले तेव्हा दुरुस्त्याही लिहून झालेल्या होत्या. म्हणजे रीतीप्रमाणे सारे यथासांग पार पडले होते. पण त्यातल्या काही दुरुस्त्या अपुऱ्या आहेत, हे लगेचच उघड झाले आणि त्या पुन्हा कराव्या लागल्या. कुणाचे पैसे बुडाले नाहीत, म्हणून वर्तमानपत्रांत याला जागा मिळाली नाही. मला मात्र ही घटना सायबर-हल्ल्यांच्या कित्येक ठळक बातम्यांहून महत्त्वाची वाटते. आपण ‘दुरुस्ती झाली’ असे म्हणतो तेव्हा नेमके काय झालेले असते, हे तिच्यात स्वच्छ दिसते.

दूरच्या संगणकाचा पडदा आपल्यासमोर पाहायचा आणि तिथला माउस-कीबोर्ड इथून चालवायचा, ही व्हीएनसीची सोय. इंग्लंडमधल्या केंब्रिज येथील ऑलिव्हेट्टीच्या प्रयोगशाळेत 1990च्या दशकात ती जन्मली. हेच तंत्र इतरांना आपापल्या सॉफ्टवेअरमध्ये बसवता यावे म्हणून योहानेस शिंडेलिन यांनी लिबव्हीएनसी सुरू केली. पुढे ख्रिस्तियान बायर तिची देखभाल करू लागले. लायब्ररी मुक्त आहे, कुणीही घ्यावी आणि आपल्या यंत्रात बसवावी. तशी ती पुष्कळांनी घेतली.

आता त्या दोषांपैकी एक पाहू. जोडणी होताना पलीकडचा संगणक आपले नाव कळवतो आणि त्याआधी त्या नावाची लांबी सांगतो. लायब्ररी त्या लांबीत एक मिळवते (नावाच्या शेवटी खूण म्हणून शून्य ठेवावे लागते), तेवढी मेमरी मागून घेते आणि येणारी अक्षरे तिच्यात भरते. लांबीचा आकडा 32 बिटांचा असतो. त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या 4,29,49,67,295. पलीकडच्याने मुद्दाम हीच लांबी सांगितली आणि आपण तीत एक मिळवला, तर जुन्या स्कूटरवरचा किलोमीटरचा आकडा 99,999 नंतर पुन्हा शून्यावर यावा तसे होते. मेमरी मागितली जाते शून्य बाइटची आणि अक्षरे ओतली जातात ढीगभर. ती शेजारच्या मेमरीवर सांडतात. तिथे काय सांडायचे हे पलीकडचा ठरवत असल्याने आपला संगणक त्याच्या ताब्यात जाण्याची वाट मोकळी होते.

पहिली दुरुस्ती वरवर चोख होती. एक मिळवण्याआधी त्या संख्येला 64 बिटांचे रूप द्यायचे, म्हणजे बेरीज शून्यावर येणार नाही. नव्या 64-बिट संगणकांवर हे लागू पडले. परंतु 32-बिट यंत्रावर मेमरी मागून आणणारे फंक्शन स्वतःच 32 बिटांपलीकडचा आकडा घेत नाही. वरची बिटे छाटली जातात, हाती पुन्हा शून्य. आणि जुनी, वर्षानुवर्षे न बदलली जाणारी यंत्रे बहुधा याच जातीची असतात. दुसऱ्या खेपेची दुरुस्ती वेगळ्या वाटेने गेली: संगणकाचे नाव 1 एमबीपेक्षा लांब असल्याचे कुणी सांगितले, तर जोडणीच नाकारायची. हे सारे पुरे होऊन जानेवारी 2019मध्ये 0.9.12 ही आवृत्ती आली.

पहिल्या दुरुस्तीने बेरीज कुठे चुकली एवढेच पाहिले. दुसरीने विचारले, अनोळखी यंत्राने सांगितलेला आकडा आपण का म्हणून मानावा? माझे म्हणणे एवढेच आहे, की या दुसऱ्या प्रश्नाशी भिडल्याशिवाय सुरक्षेची दुरुस्ती पुरी होत नाही. इथे तर हल्ल्याची दिशाही उलटी होती. जोडणी करणाऱ्याने समोरच्यापासून सावध राहावे, असे सहसा कुणी सांगत नाही. सांगितले जाते ते उलट. हा दोष मात्र जोडणी करणाऱ्याच्या बाजूच्या कोडमध्ये होता. पुण्यात किंवा ठाण्यात बसून परदेशातल्या ग्राहकाचे यंत्र दुरून तपासणारा इंजिनिअर अशा वेळी स्वतःच भक्ष्य ठरू शकतो.

दोष कळल्यावर अर्धी तर अर्धी, पण लवकर दुरुस्ती करणे बरोबर नाही का, असे कुणी म्हणेल. बरोबरच आहे. घाईबद्दल मी लायब्ररी सांभाळणाऱ्या मोजक्या स्वयंसेवकांना दोष देणार नाही. पण दुरुस्ती जाहीर होते तेव्हा भोक कुठे आहे हेही जगजाहीर होते, आणि अर्धे राहिलेले भोक हुडकणे मग फारसे कठीण उरत नाही. म्हणून दुरुस्ती लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणीतरी ती फोडून पाहणे हे त्याच कामाचे अंग मानले पाहिजे. या प्रकरणात तसे पाहणारे डोळे होते, हे आपले नशीब. डेबियनसारख्या लिनक्स-वितरणांना मात्र एकाच दोषासाठी दोनदा दुरुस्ती पाठवावी लागली.

आणि लायब्ररी सुधारली म्हणून तिच्या नकला सुधारत नाहीत. नोव्हेंबर 2019मध्ये कॅस्परस्कीने व्हीएनसीच्या चार अंमलबजावण्यांमधले मिळून 37 दोष मांडले. त्यांतले काही 1999पासून कोडमध्ये तसेच पडून होते. त्या चारांपैकी टाइटव्हीएनसीच्या पहिल्या मालिकेची देखभाल तोवर थांबलेली असल्याने तिच्यासाठी दुरुस्ती आलीच नाही. सीमेन्सच्या सिमॅटिक आयटीसी या कारखान्यांत वापरल्या जाणाऱ्या पडद्यांमध्येही लिबव्हीएनसी होती. तिच्यातल्या दोषांची सूचना निघाली डिसेंबर 2021मध्ये. मूळ घरी काम संपल्यावर जवळजवळ तीन वर्षांनी. एवढ्या काळात त्या पडद्यांपुढे बसलेल्या कामगाराला वा त्याच्या व्यवस्थापकाला आपल्या यंत्राच्या पोटात ही लायब्ररी आहे हे ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता.

हे अज्ञान मला सर्वांत घातक वाटते आणि ते दूर करणे आपल्या आवाक्यात आहे. सॉफ्टवेअर कोणकोणत्या घटकांनी बनले आहे याची यादी विक्रेत्याने द्यावी, या दृष्टीने सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेने ऑक्टोबर 2024मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीनेही त्याच वर्षी आपल्या नियंत्रणाखालील संस्थांच्या कळीच्या प्रणालींसाठी अशी यादी मागितली. पण शेअर बाजारापुरती ही शिस्त पुरेशी नाही. साखर कारखाने, नगरपालिकांची पाणीपुरवठा केंद्रे, सहकारी बँका, रुग्णालये यांच्या निविदांमध्ये ती अट लेखी आली पाहिजे, आणि यादीतल्या घटकाची दुरुस्ती किती दिवसांत यंत्रापर्यंत पोहोचवणार हेही करारात लिहून घेतले पाहिजे. ज्या कंपन्या मुक्त लायब्ररी आपल्या मालात बसवून विकतात, त्यांनी तिच्या देखभालीसाठी पैसा आणि तपासणारे हात द्यावेत.

वाचकांपैकी जे खरेदी समितीवर, संचालक मंडळावर किंवा नगरसेवक म्हणून काम करत असतील, त्यांनी पुढच्या बैठकीत विक्रेत्याकडे ही यादी मागावी आणि ती हातात पडेपर्यंत करारावर सही करू नये.