निघण्याआधीचे प्रश्न

लहान होडी घेऊन महासागर ओलांडायला निघालेल्या माणसाची तयारी पुरी झाली, हे कोण ठरवतं? तो स्वतः, त्याला पैसे देणारा, धक्क्यावर निरोप द्यायला आलेली बायको, की पुढे अर्ध्या वाटेत त्याला शोधायला निघणारं परक्या देशाचं जहाज? आणि ती तयारी अपुरी होती असं नंतर कळलं, तर त्याचा मदतीवरचा हक्क कमी होतो का?

मी बीबीत राहतो. बुलढाणा जिल्ह्यातलं, लोणार तालुक्यातलं गाव. समुद्र इथून चार-साडेचारशे किलोमीटरवर आहे आणि जवळपासचं एकमेव खारं पाणी म्हणजे लोणारचं सरोवर. त्यामुळे हे प्रश्न इथं बसून विचारणं जरा आगाऊपणाचं वाटेल. पण तयारी, अनिश्चितता आणि मदत या तीन गोष्टींचा आमच्याकडे दरवर्षी जूनमध्ये संबंध येतो. म्हणून मी समुद्रावरच्या तयारीबद्दल वाचत गेलो, आणि वाचता वाचता प्रश्न जमिनीवर येऊन पोचला.

सुरुवात चांगल्या तयारीच्या गोष्टीपासून करू. दिलीप दोंदे हे नौदलातले अधिकारी. एकट्यानं शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. कल्पना व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांची. २००६ साली दोंदेंनी ‘मी जातो’ म्हटलं तेव्हा होडी नव्हती, आणि अशी होडी भारतात कुणी बांधलेलीही नव्हती. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ती बांधली गेली. लाकूड आणि फायबरग्लासची, ५६ फुटांची. नाव ‘म्हादेई’. दरम्यान दोंदे स्पेनमधल्या बिल्बाओला जाऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्या हाताखाली राबून आले. नॉक्स-जॉन्स्टन म्हणजे १९६९ साली न थांबता, एकट्यानं जगाला फेरी मारणारा पहिला माणूस. तोही कुठल्या होडीतून? मुंबईत बांधलेल्या, सागवानाच्या, ३२ फुटी ‘सुहैली’तून.

२००९च्या फेब्रुवारीत म्हादेई नौदलाच्या ताब्यात आली. मॉरिशसपर्यंत जाऊन येण्याची चाचणी झाली. १९ ऑगस्ट २००९ला दोंदे मुंबईहून निघाले आणि फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली, केपटाउन असे चार थांबे घेत २०१०च्या मे महिन्यात परत आले. प्रवास नऊ महिन्यांचा, तयारी त्याआधीची तीन वर्षांची.

या तीन वर्षांतलं सगळ्यात महत्त्वाचं काम माझ्या मते यादीत लिहिता येणारं नाही. होडी बांधली जात असताना तो माणूस तिथं होता. कुठला पाइप कुठून गेलाय, कुठल्या फळीमागे काय आहे, हे त्याला माहीत झालं. भर समुद्रात सुटा भाग संपू शकतो, पण आपल्या हाताखालून गेलेल्या वस्तूची माहिती संपत नाही. मेकॅनिक हजार मैलांवर असतो तेव्हा तीच खरी शिदोरी.

शिडाच्या होडीला निदान वारा फुकट मिळतो. इंजिनवर चालणाऱ्या लहान बोटीची गोष्ट आणखी कठीण. १९०२ साली विल्यम न्यूमन नावाचा कप्तान आपल्या किशोरवयीन मुलाला घेऊन, रॉकेलवर चालणारं इंजिन बसवलेल्या ३८ फुटी बोटीतून न्यूयॉर्कहून निघाला आणि ३६ दिवसांनी इंग्लंडच्या फाल्मथ बंदरात पोचला. अशा प्रवासाची तयारी म्हणजे मुख्यतः इंधनाचा हिशोब. इंधन जास्त घ्यावं तर बोट जड होते, आणि जड बोट जास्त इंधन खाते. सुटका एकाच गोष्टीत असते, ती म्हणजे हळू जाण्यात. पाणी कापत जाणाऱ्या बोटीचा वेग निम्मा केला, तर ढोबळ हिशोबात तेच अंतर साधारण पाव इंधनात कापता येतं. प्रत्यक्षात इतका फायदा पदरात पडत नाही, पण दिशा तीच राहते. लांब जायचं असेल तर घाईची चैन परवडत नाही.

दुसरा शत्रू म्हणजे टाकीच्या तळाचा गाळ. बंदरात शांत बसलेला गाळ आणि पाणी समुद्रानं हलवलं की वर येतं, फिल्टर चोंदतो आणि नेमकं लाटा मोठ्या असताना इंजिन बंद पडतं. ज्यानं विहिरीवर डिझेल पंप चालवलाय त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. इंजिनानं एअर धरली की हँडल मारून दम निघतो, आणि एअर काढायची माहिती नसेल तर ऊस असो की हळद, डोळ्यांदेखत सुकते. फरक एवढाच, की विहिरीवरून माणूस पायी घरी येऊ शकतो.

आता वाईट तयारीची गोष्ट. ज्या शर्यतीत सुहैली होती तिच्यात नऊ जण निघाले होते. त्यांतला एक डोनाल्ड क्रोहर्स्ट. इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा छोटा धंदा करणारा हुशार इंग्रज. त्याच्या बोटीला पैसे देणाऱ्याशी झालेल्या कराराचा आशय असा होता, की मोहीम फसली तर बोट क्रोहर्स्टनं विकत घ्यायची. म्हणजे धंदा आणि घर दोन्ही पणाला. निघण्याची शेवटची तारीख ३१ ऑक्टोबर १९६८. तो त्याच दिवशी निघाला. बोटीची कामं अर्धी राहिलेली, आणलेलं काही सामान धक्क्यावरच विसरलेलं. आदल्या रात्री त्यानं पत्नीजवळ बोटीबद्दलची निराशा बोलून दाखवली होती, तरीही सकाळी तो गेला. पुढे बोट दक्षिण महासागरात टिकणार नाही हे कळल्यावर तो अटलांटिकमध्येच रेंगाळत राहिला आणि रेडिओवरून खोटे ठावठिकाणे कळवत राहिला. १० जुलै १९६९ला त्याची बोट रिकामी सापडली. त्या शर्यतीत प्रवास पुरा करणारा एकटा नॉक्स-जॉन्स्टन. त्यानं बक्षिसाचे पाच हजार पौंड क्रोहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकले.

या गोष्टीचं तात्पर्य ‘नीट तयारी करावी’ एवढंच काढलं, तर ते वाचणाऱ्याच्या सोयीचं होईल. क्रोहर्स्टला तयारी कशी करतात हे कळत होतं. त्याच्याकडे वेळ नव्हता, पैसा दुसऱ्याचा होता आणि न निघण्याची किंमत निघण्याच्या किमतीइतकीच भयंकर होती. दोंदेंना तीन वर्षं मिळाली, मागे नौदल उभं होतं. यानं दोंदेंचं कर्तृत्व कमी होत नाही. पण तयारी हा केवळ स्वभावाचा गुण नाही, हे त्यातून दिसतं. तयारीला अवकाश लागतो, आणि ज्याच्या डोक्यावर करार असतो त्याचा अवकाश आधीच विकला गेलेला असतो.

मग तयारी पुरी कधी होते? तशी ती होत नाहीच. तयारीच्या नावाखाली वर्षानुवर्षं बंदरात डुलत राहिलेल्या होड्या जगभर आहेत. मला वाटतं, जे राहिलंय ते माणसाला मोठ्यानं सांगता आलं, की निघायला हरकत नाही. ‘हा पंप नवा नाही, हे शीड एकच आहे, या दोन गोष्टींवर माझा भरवसा कमी आहे’ असं धक्क्यावर बोलता आलं पाहिजे, आणि ऐकणाऱ्यांपैकी एकाला तरी ‘मग जाऊ नकोस’ म्हणण्याची मुभा पाहिजे. क्रोहर्स्टचं खोटं बोलणं रेडिओवर सुरू झालं असं आपण समजतो. ते धक्क्यावरच सुरू झालं होतं आणि त्यात तो एकटा नव्हता. ज्यांना ज्यांना तारीख पाळली जायला हवी होती, ते सगळे त्यात होते.

आता तिसरी गोष्ट, आणि तीच मला सोडत नाही. २०१८ साली त्याच जुन्या शर्यतीच्या पन्नाशीनिमित्त पुन्हा शर्यत झाली. अभिलाष टॉमी हे नौदल अधिकारी ‘तुरीया’ या सुहैलीच्या धर्तीवर गोव्यात बांधलेल्या होडीतून गेले होते. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात होडी उलटली, डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीला जबर दुखापत झाली. उठता येईना. जवळचं मोठं बंदर पर्थ, तेही जवळपास १९०० सागरी मैलांवर. मग ऑस्ट्रेलियाच्या बचाव केंद्रानं सूत्रं हाती घेतली, भारतीय नौदलाच्या विमानानं होडी शोधून काढली, भारतीय युद्धनौका निघाली, आणि २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या मासेमारीवर गस्त घालणाऱ्या फ्रेंच जहाजानं त्यांना उचललं. शर्यतीतला आयरिश स्पर्धक ग्रेगर मॅकगकिन याचीही डोलकाठी मोडली होती, तरी तो जुगाड शीड बांधून टॉमींच्या दिशेनं निघाला होता.

या तीन दिवसांत, मदतीला निघण्याआधी, ‘तुम्ही तयारी नीट केली होती का?’ हा प्रश्न अट म्हणून पुढे आला नाही. तो येऊच शकत नव्हता. समुद्रावर संकटात सापडलेल्याला वाचवायला जाणं हे प्रत्येक कप्तानाचं कर्तव्य आहे, असं आंतरराष्ट्रीय करार सांगतात. १९७९च्या शोध आणि बचावाच्या करारात तर स्पष्टच म्हटलंय, की तो माणूस कुठल्या देशाचा, कोण आणि कुठल्या परिस्थितीत सापडला, हे न पाहता मदत करायची.

‘कुठल्या परिस्थितीत सापडला, हे न पाहता’ हे वाचलं आणि मला आमचा जून आठवला. आमच्याकडे कोरडवाहू जमीन जास्त. पंच्याहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं सांगतं. सोयाबीनचं घरचं बियाणं असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून मोजा, सत्तर तरी उगवले पाहिजेत. सल्ला रास्त आहे आणि तो पाळणारेही पुष्कळ. पण मृगाचा एक पाऊस पडतो, ओल आहे असं वाटतं, शेजारच्या रानात तिफण चाललेली असते. उधारीवर आणलेलं बी घरात पडलेलं असतं. उशीर झाला तर उतार घटणार आणि सावकाराची तारीख काही पुढे सरकणार नाही. माणूस पेरतो. मग पावसाचा खंड पडतो, कोंब करपतात, दुबार पेरणी येते. आणि तेव्हा पारावर, बातम्यांत, शहरातल्या नातेवाइकांच्या फोनवर पहिला प्रश्न असतो, “घाई कायले केली?”

शेतकरी आणि दर्यावर्दी यांची बरोबरी मी करत नाही. दर्यावर्दी स्वेच्छेनं जातो, शेतकऱ्याला जावंच लागतं. पण या फरकानं तर गोष्ट आणखी विचित्र होते. ज्यानं हौसेनं धोका पत्करला त्याला आपण विनाअट उचलतो, आणि ज्याला पत्करण्यावाचून गत्यंतर नव्हतं त्याची बुडताना तपासणी घेतो.

यावर आक्षेप ठरलेला आहे. मदत विनाअट मिळणार असेल तर लोक निष्काळजी होतील. आक्षेप पोकळ नाही. सुटकेसाठी येणारा आपला जीव धोक्यात घालतो, त्याचा हिशोब निघणाऱ्यानं आधी करायलाच हवा. माझ्या दृष्टीनं तयारीचा खरा नैतिक आधार तोच आहे. आपण तयारी करतो ती आपल्याला शोधायला येणाऱ्या अनोळखी माणसासाठीही. पण हे निघणाऱ्याचं देणं आहे. ते चुकतं केल्याची पावती दाखवली तरच दोर टाकू, असं म्हणण्याचा अधिकार येणाऱ्याला त्यातून मिळत नाही. दोन कर्तव्यं आहेत, दोन वेगळ्या माणसांची. एकानं आपलं चुकवलं म्हणून दुसऱ्याचं रद्द होत नाही. शिवाय कोणीतरी तीन दिवसांनी येईल, या भरवशावर मोडक्या पाठीनं पडून राहायला कोण खुशीनं तयार होतं?

समुद्रावरच्या लोकांनी प्रश्नांची वेळ ठरवली आहे, एवढंच. तयारीचे सगळे कठोर प्रश्न निघण्याआधी, धक्क्यावर. शर्यतीच्या आधी प्रत्येक होडी तपासली जाते, उणीव असेल तर सोडत नाहीत. पुढचे प्रश्न परत आल्यावर, चौकशीत. मधल्या काळात फक्त एकच प्रश्न, तू कुठं आहेस?

आपण जमिनीवर हा क्रम उलटा केला आहे. पेरणीआधी बांधावर येऊन, ‘बी तपासलंस का, पैसा कुणाचा आहे, थांबायचं असेल तर थांबायला काय लागेल?’ असं विचारणारा क्वचित भेटतो. आणि ‘थांबायला काय लागेल’ हा प्रश्न विचारणाऱ्याला खर्चात पाडणारा आहे, कारण उत्तर ऐकल्यावर काहीतरी द्यावं लागतं. करपल्यानंतर विचारलेले प्रश्न फुकट असतात. म्हणूनच तेव्हा ते इतके जण विचारतात.