दुरुस्ती

‘दुरुस्ती’ हा शब्द मराठीत आहे तसाच उर्दूतही आहे. दुरुस्त म्हणजे बरोबर, योग्य. त्याच कामाला दुसरा शब्द मरम्मत. तो मात्र आमच्या लहानपणी वर्गात छडीसाठीच वापरला जाई. आता कायद्यानेच छडी गेली, हे बरे झाले. पण दुरुस्त करणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मला गेली दोन वर्षे छळतो आहे. तो माझ्यापुढे आला एका परदेशी गाडीमुळे.

माझ्या खालाचा मुलगा इंग्लंडमध्ये मोटारींचा मेकॅनिक आहे. आमच्या कोकणातून कुणी आखातात गेले, कुणी तिकडे. दोन वर्षांपूर्वी ईदला तो घरी आला, तेव्हा अंगणात बसून त्याने ही हकीकत सांगितली.

लँड रोव्हरची डिस्कव्हरी नावाची गाडी आहे. तिची दुसरी मालिका १९९८ ते २००४ या काळात निघाली. चिखलात, डोंगरात चालणारी, उंच गाडी. उंच गाडी वळणावर बाहेरच्या बाजूला कलते. हे कलणे आवरण्यासाठी त्यातल्या काही गाड्यांना तेलाच्या दाबावर चालणारी व्यवस्था बसवलेली होती. इंजिनावर पंप, पुढच्या आणि मागच्या आडव्या दांड्यांना जोर देणारे सिलिंडर, आणि त्या दोहोंना जोडणाऱ्या पोलादी नळ्या. आपल्या मोटारीच्या टायरात दोन-अडीच बार हवा असते. या नळ्यांत शंभर बारहून जास्त दाब चढतो. गाडी वळली की यंत्राला ते कळते आणि ती सपाट राहते.

त्या देशात हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते मिठाचे पाणी गाडीच्या पोटाशी उडते. नळी चासीला जिथे क्लिपने धरलेली असते, तिथे चिखल अडकतो, ओल टिकते आणि गंज आत आत खात जातो. समुद्राकाठच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. आमच्या खिडक्यांचे गज पाहा. बाहेरून नळी तपकिरी, खरबरीत, पण शाबूत दिसते. एक दिवस क्लिपखाली सुईएवढे भोक पडते, तेल उडते, समोर दिवा लागतो. तेल संपले की त्या दांड्यांतला जोर जातो आणि सपाट वळण्याची सवय लागलेली गाडी एकदम कलते.

असे भोक पडलेली गाडी त्याच्याकडे आली. इलाज तीन होते. गंजका तुकडा कापून मधे नवा जोड घालायचा, हा स्वस्तातला. सगळी नळी बदलायची, म्हणजे पुढून मागपर्यंत गाडी उघडायची. गंजलेल्या नटांना हात लावला की तेच तुटतात. तिसरा, ही व्यवस्थाच काढून टाकून साध्या गाडीच्या साध्या दांड्या बसवायच्या. मालक म्हणाला, पहिला. भावाने जोड घातला. चोख घातला, दाब देऊन पाहिला, कामाएवढेच पैसे घेतले.

काही महिन्यांनी तीच गाडी परत आली. भोक जोडाजवळ नव्हते, पुढच्या क्लिपखाली होते. पण मालक वेगळा होता. म्हातारा शेतकरी. ‘नुकतीच दुरुस्त केलेली गाडी’ म्हणून त्याने ती विकत घेतली होती. वळणावर कुंपणाला घासली, माणूस वाचला.

“मी काय चुकलो?” भावाने मला विचारले. “त्याने सांगितले तेवढे केले. खोटे बोललो नाही.”

मी लगेच म्हणालो, पुढची नळीही सडली आहे हे तू पाहिले होतेस. सौद्यात ऐब लपवू नये हे तुला कुणी वेगळे शिकवायला हवे का? तो म्हणाला, सौदा माझा नव्हता. विकणारा वेगळा, घेणारा वेगळा, मी दोघांच्या मधला. पहिल्या मालकाला मी तोंडी सांगितले होते. त्याची ऐपत नव्हती. मग गाडी परत पाठवू? ती तशीच रस्त्यावर गेली असती.

हे म्हणणे सोपे नाही. गरिबाला अर्धा इलाज करून देणे हा गुन्हा ठरवला, तर गरिबाला कसलाच इलाज मिळणार नाही. अर्ध्या इलाजात पाप नाही, असे मला वाटते. पाप अर्ध्याला पुरा म्हणू देण्यात आहे, मग म्हणणारा दुसराच का असेना. गाडीखाली आडवा होऊन ज्याने पाहिले, त्याच्यावर त्या पाहण्याचे काही देणे लागते.

हे मी मोठ्या आवाजात बोललो, आणि रात्री झोप आली नाही. कारण माझ्या सातवीत एक मुलगा होता. उर्दूचा परिच्छेद त्याला सलग वाचता येत नव्हता, मराठी तर दूरच. मी त्याच्याकडून वीस प्रश्नोत्तरे पाठ करून घेतली, मूल्यमापन पार पडले. वर्णनात्मक नोंदीच्या रकान्यात मी लिहिले, ‘प्रगती समाधानकारक’. मुलगा आठवीत दुसऱ्या शाळेत गेला आणि दिवाळीपूर्वीच घरी बसला. आता मासळीच्या लिलावात टोपल्या उचलतो. मला भेटला की सलाम करतो.

भाऊ आता बिलाखाली दोन ओळी लिहितो : काय बदलले, आणि काय सडलेले पाहिले पण बदलले नाही. गिऱ्हाईक ते फाडू शकते. काहीजण फाडतातही, म्हणाला.

या एप्रिलमध्ये एका मुलीच्या रकान्यात मी लिहिले : ‘जोडाक्षरे वाचता येत नाहीत. पुढच्या वर्षी रोज अर्धा तास वाचन घ्यावे.’ दुसऱ्या दिवशी तिचा बाप प्रगतीपुस्तक घेऊन दारात उभा. त्याला स्वतःला वाचता येत नाही. “मास्टरसाब,” तो म्हणाला, “पोरगी रडतेय. काय लिवलंय यात तुमी?”

मी त्याला आत बोलावले आणि वाचून दाखवू लागलो.